'डिप्रेस्ड' कोण करतो? एका इंग्रजी विशेषणाचा आपला इतिहास



सध्या आपल्या तरुणांच्या तोंडी एक इंग्रजी विशेषण फार ऐकू येते. डिप्रेस्ड. भरतीच्या यादीत नाव आले नाही, डिप्रेस्ड. शिष्यवृत्तीचा हप्ता रखडला, डिप्रेस्ड. जात पडताळणीच्या कागदात त्रुटी निघाली, डिप्रेस्ड. देऊळगाव राजाच्या अभ्यासिकेत, बस स्थानकावर, चहाच्या टपरीवर "भाऊ, लय डिप्रेस झालो" हे वाक्य आता नवे राहिलेले नाही. ऐकणारा पाठीवर थाप मारतो, "टेन्शन नको घेऊ" म्हणतो आणि विषय संपतो.

आमचे म्हणणे असे आहे की विषय तिथे संपू देऊ नये. कारण हे विशेषण आपल्याला नवे नाही. आज जे विशेषण एकेका पोराच्या मनाला लावले जाते, तेच विशेषण शंभर वर्षांपूर्वी आपल्या संपूर्ण समाजाचे सरकारी नाव होते. आपले आजे-पणजे सरकारच्या दप्तरात 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणून नोंदले गेले. गोलमेज परिषदेच्या कागदांत हाच शब्द आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराच्या इंग्रजी मसुद्यातही हाच शब्द आहे. मग एका समाजाचे नाव असलेला शब्द एका पोराचा आजार कसा झाला? आणि या प्रवासात त्या शब्दातून काय गळून पडले? हे समजून घेणे ही भाषेची हौस नव्हे, चळवळीचे काम आहे.

शब्दाची फोड

'डिप्रेस' हा शब्द मूळ लॅटिन. 'दे' म्हणजे खाली आणि 'प्रेमेरे' म्हणजे दाबणे. दोन्ही मिळून 'खाली दाबणे'. त्याचे विशेषण 'डिप्रेस्ड', म्हणजे 'खाली दाबलेला'. इंग्रजीत हे क्रियापद आले तेव्हा त्याचा एक अर्थ नमवणे, बळाने खाली आणणे असा होता. मनाची उदासी हा अर्थही पुढे त्याला चिकटला. हवामान खाते कमी दाबाच्या पट्ट्याला 'डिप्रेशन' म्हणते, अर्थशास्त्रज्ञ १९२९ नंतरच्या जागतिक मंदीला 'ग्रेट डिप्रेशन' म्हणतात. सगळीकडे मूळ गोष्ट एकच, दाब आणि खाली जाणे.

याच 'प्रेस'चे कुटुंब मोठे आहे. 'ऑप्रेस' म्हणजे अंगावर दाब देऊन चिरडणे, 'सप्रेस' म्हणजे खालच्या खाली दडपणे, 'एक्स्प्रेस' म्हणजे दाबून बाहेर काढणे, व्यक्त करणे. छापखान्याला आपण 'प्रेस' म्हणतो तोही हाच शब्द, कारण तिथे कागदावर खिळे दाबले जातात.

आता व्याकरणाकडे या. मराठीत दोन शब्दप्रयोग घ्या. 'वाळलेले झाड' आणि 'तोडलेले झाड'. दोन्ही विशेषणेच आहेत, दोन्ही झाडाची अवस्था सांगतात. पण 'वाळलेले' म्हटले की झाड आपसूक वाळले, कोणी विचारत नाही कोणी वाळवले. 'तोडलेले' म्हटले की तोडणारा आलाच, कुऱ्हाड आलीच. वाक्यात त्याचे नाव नसेल, पण तो असतोच.

'डिप्रेस्ड' हे मुळात 'तोडलेले'च्या जातीचे विशेषण आहे. दाबलेला म्हटले की दाबणारा आलाच. पण आज आपण तो शब्द 'वाळलेले' सारखा वापरतो. पोरगा डिप्रेस्ड आहे, म्हणजे त्याचे त्यालाच काहीतरी झाले आहे, त्याच्या आतच काहीतरी बिघडले आहे. दाबणारा वाक्यातून गेला आणि मनातूनही गेला. या लेखाचा सगळा मुद्दा एवढाच आहे. जो शब्द 'तोडलेले' सांगत होता तो 'वाळलेले' सांगू लागला, आणि यात फायदा कुऱ्हाडवाल्याचा झाला.

नाव आपले, ठेवणारे दुसरे

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' सुरू केले. शिंदे यांच्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. शाळा काढल्या, वसतिगृहे काढली, अस्पृश्यतेच्या प्रश्नावर १९३३ साली ग्रंथ लिहिला. पण या संस्थेचे मराठी नाव पाहा. 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी'. इंग्रजीत 'खाली दाबलेले' आणि मराठीत 'निराश्रित', म्हणजे ज्यांना आश्रय नाही असे.

फरक लहान वाटतो, पण उपाय बदलतो. माणूस दाबलेला असेल तर उपाय एकच, त्याच्यावरचा दाब काढा. माणूस निराश्रित असेल तर त्याला आश्रय द्या. पहिल्या उपायात दाबणाऱ्याला उठावे लागते. दुसऱ्यात त्याला उठावे लागत नाही, उलट तो आश्रयदाता होऊन बसतो. सुधारकांचा हेतू चांगला असेल, पण शब्द निवडला की वाट ठरते.

बाबासाहेबांनी मराठीत कोणता शब्द निवडला? २० जुलै १९२४ ला संस्था काढली ती 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. ३ एप्रिल १९२७ ला पाक्षिक काढले ते 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हणजे ज्याच्यावर बहिष्कार टाकला गेला तो. टाकणारा कोणी तरी आहे, हे शब्दातच आले. हा 'तोडलेले'च्या जातीचा शब्द आहे.

इंग्रजी शब्दावर तर बाबासाहेबांनी उघड हरकत घेतली. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३१ साली, अल्पसंख्याक समितीपुढे जे पुरवणी निवेदन गेले त्यात 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव बदलावे अशी मागणी आहे आणि 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू' अशी पर्यायी नावे सुचवलेली आहेत. पुढे १ मे १९३२ च्या टिपणीत, मताधिकाराचा विचार करणाऱ्या लोथियन समितीपुढे, त्यांनी कारण सांगितले. त्याचा आशय असा की या नावामुळे हा समाज हीन आणि असहाय आहे असा समज होतो. प्रत्यक्षात प्रत्येक प्रांतात या समाजात शिकलेले आणि बरी स्थिती असलेले लोक आहेत, आणि सगळा समाज मानाचे स्थान मिळवण्यासाठी धडपडतो आहे. त्यांनी कोणत्या नावाला पसंती दिली? १९३१ च्या जनगणनेतल्या 'एक्स्टेरिअर कास्ट्स' म्हणजे बाह्य जाती, किंवा 'एक्स्क्लूडेड कास्ट्स' म्हणजे वगळलेल्या जाती.

इथे कोणी विचारेल, 'डिप्रेस्ड' म्हणजे दाबलेला हा अर्थ तर खराच होता, मग बाबासाहेबांनी तो का नाकारला? आमच्या वाचनाप्रमाणे कारण असे की १९३२ पर्यंत त्या शब्दातला दाबणारा पुसला गेला होता. ऐकणाऱ्याला 'खाली दाबलेला' ऐकू येत नव्हते, 'बिचारा, खालचा' ऐकू येत होते. म्हणून त्यांनी पुन्हा असा शब्द मागितला ज्यात करणारा दिसतो. वगळलेले म्हटले की वगळणारा समोर येतो.

त्याच काळात गांधीजींनी 'हरिजन' शब्द पुढे आणला. ११ फेब्रुवारी १९३३ ला त्या नावाचे साप्ताहिक निघाले. पहिल्या अंकासाठी बाबासाहेबांकडे संदेश मागितला गेला. त्यांनी जे लिहून दिले त्याचा सार असा होता की अस्पृश्य हा जातिव्यवस्थेतूनच निपजलेला आहे, जाती आहेत तोवर अस्पृश्य राहणारच. पुन्हा पाहा. एका बाजूला देवाची माणसे असे गोड नाव, ज्यात दाब नाही, दाबणारा नाही. दुसऱ्या बाजूला एक सरळ बोट, की हे कशामुळे झाले. १९३८ साली मुंबई विधानसभेत कायद्यात 'हरिजन' शब्द घालण्याचा घाट घातला गेला तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. एका शब्दासाठी सभागृह सोडणारी माणसे आपले पूर्वज आहेत. "शब्दात काय आहे?" असे आपल्याला कोणी विचारू नये.

चिठ्ठी आणि हक्क

१९३५ च्या कायद्याने नवे नाव आणले, 'शेड्यूल्ड कास्ट्स'. पुढे संविधानाच्या ३४१ व्या अनुच्छेदात ते कायम झाले. आपण त्याला अनुसूचित जाती म्हणतो. 'शेड्यूल' शब्दाचे मूळही लॅटिनच, अर्थ 'कागदाची चिठ्ठी'. चिठ्ठीवर ज्यांची नावे लिहिली ते शेड्यूल्ड. या शब्दात शिवी नाही, दया नाही, स्पष्टीकरणही नाही. फक्त यादी आहे आणि यादीला जोडलेला हक्क आहे. १९४२ साली नागपुरात बाबासाहेबांनी पक्ष काढला तोही 'शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन' याच नावाने. दयेचे नाव सोडून हक्काचे नाव घेतले.

पण शेजारीच दुसरा शब्द बसलेला आहे, 'बॅकवर्ड', मराठीत मागास. हा मात्र पूर्णपणे 'वाळलेले'च्या जातीचा शब्द. मागास म्हणजे मागे राहिलेला. कोणी मागे ठेवला? उत्तर नाही. 'मागे राहिलेला' आणि 'मागे ठेवलेला' यात एका क्रियापदाचा फरक आहे, पण आरक्षणाचा सगळा वाद त्या फरकात आहे. "सत्तर वर्षे सवलती दिल्या तरी मागेच" असे जो बोलतो त्याच्या डोक्यात 'राहिलेला' आहे. आपण उत्तर देताना 'ठेवलेला' म्हणायला शिकले पाहिजे.

'दलित' शब्दाबद्दल आपल्यात वाद आहे आणि तो राहील. 'दल्' या संस्कृत धातूपासून आलेला हा शब्द, अर्थ फुटलेला, भरडलेला. जात्यावर आपण जे 'दळतो' ते त्याच घरातले. १९७२ साली दलित पँथरने हा शब्द छातीवर लावला तेव्हा जाते आणि जाते फिरवणारा हात, दोन्ही दाखवण्यासाठी लावला. आज बौद्ध बांधव म्हणतात, आम्ही दलित नाही, आम्ही बौद्ध आहोत. त्यांचेही बरोबर आहे. आणि इथे व्याकरणाची एक गंमत आहे. 'बुद्ध' हाही धातूपासून झालेलाच शब्द आहे. 'बुध्' म्हणजे जाणणे, जागे होणे. बुद्ध म्हणजे जागा झालेला. डिप्रेस्ड, बहिष्कृत, दलित या शब्दांत क्रिया दुसऱ्याने आपल्यावर केलेली आहे. 'बुद्ध' मध्ये क्रिया आपली आपण केलेली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला दुसऱ्याच्या क्रियेतून स्वतःच्या क्रियेत आणले. पण म्हणून दुसऱ्याची क्रिया थांबली असे होत नाही. जागा झालेल्या माणसालाही कोणी दाबत असेल तर ते सांगावेच लागते. उलट जागा झाल्यावरच ते नीट सांगता येते.

आपल्या तालुक्यातला दाबलेला माणूस

हे सगळे लांबचे वाटत असेल तर आपल्याच तालुक्यात या. संत चोखामेळा यांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे मेहुणा राजा देऊळगाव राजा तालुक्यात आहे. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला संत चोखासागर हे नाव आहे. धरणाचे पाणी ज्यांच्या शेतात आणि नळाला येते त्यांनी या नावाचा विचार एकदा तरी करावा.

'चोखा' हे स्वतः मराठी विशेषण आहे. चोख म्हणजे शुद्ध, निर्भेळ. चोख सोने, चोख हिशेब. ज्याचे नावच शुद्ध, त्याला देवळाच्या पायरीबाहेर ठेवले, कारण तो विटाळाचा. एका माणसाला दोन विशेषणे. एक नावातले, एक समाजाने लादलेले. इतिहासात चालले ते लादलेले.

आणि त्यांचा मृत्यू? परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम चालू होते, महारांना त्या कामाला लावले होते, आणि १३३८ साली ती भिंत कोसळून चोखोबा तिच्याखाली दडपून गेले. ज्या कुसाच्या आत त्यांना घर बांधायची परवानगी नव्हती ते कूस बांधताना ते गेले. लॅटिन शब्दकोश उघडायची गरज नाही. 'खाली दाबलेला' या शब्दाचा याहून सरळ अर्थ जगात कुठल्या भाषेत सापडणार नाही. पण आपण ही गोष्ट कशी ऐकतो? भिंत पडली, असे ऐकतो. भिंत कोणाची होती, काम कोणी लावले होते, कोणाला कुसाबाहेर ठेवून कोणासाठी ती बांधली जात होती, हे कीर्तनात येत नाही. कीर्तनात येते ते एवढेच की हाडांतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात आपल्या जन्माचे कारण मागच्या जन्मीच्या दोषात शोधलेले आहे. म्हणजे दाबलेल्या माणसालाच पटवले गेले होते की हा दाब तुझ्याच कर्माचा. आम्ही चोखोबांना दोष देत नाही. चौदाव्या शतकात, एकट्या माणसापाशी, दुसरे कोणते शास्त्र होते? त्यांच्याच घरात सोयराबाईंनी विटाळाच्या कल्पनेला प्रश्न केला, मुलगा कर्ममेळा याने तर देवालाच जाब विचारला. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. आदर ठेवला, पण पूर्वकर्माचा सिद्धांत मात्र 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ठामपणे नाकारला.

आता जोडून पाहा. पूर्वी सांगितले जायचे, तुझे दुःख तुझ्या मागच्या जन्मामुळे. आज सांगितले जाते, तुझे दुःख तुझ्या कमजोर मनामुळे. भाषा बदलली, पोथीच्या जागी मोबाइलवरचे प्रेरणादायी व्हिडिओ आले, पण बोट त्याच माणसाकडे आहे. दोन्ही वेळा दाबणारा सुटतो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. रोहित वेमुला आठवा. हैदराबाद विद्यापीठात त्याला आणि आणखी चार विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढले, त्यांनी आवारात उघड्यावर राहुटी टाकली, त्याची फेलोशिप महिनोन्महिने थकली. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. त्यानंतर नेमलेल्या रूपनवाल आयोगाने काय निष्कर्ष काढला? की तो वैयक्तिक कारणांनी निराश होता आणि विद्यापीठाचा दोष नाही. 'निराश'. एक विशेषण लिहिले आणि कर्ता पुसला. विशेषणाची ताकद यापेक्षा वेगळी काय सांगावी!

तीन हरकती

पहिली हरकत अशी येईल की डिप्रेशन हा खरा आजार आहे, तो श्रीमंताला होतो, ब्राह्मणाला होतो, सुखी घरातल्या माणसालाही होतो. त्यात जात कुठे आणता? उत्तर असे की आजार खराच आहे. झोप जाते, भूक जाते, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नाही, जगणे नको वाटते. याला औषध आहे, समुपदेशन आहे आणि ते घेतलेच पाहिजे. दमा हाही खरा आजार आहे आणि तो कोणालाही होतो. पण गिरणीच्या धुरळ्यात काम करणाऱ्याला दमा झाला तर डॉक्टर औषधही देतो आणि धुरळ्याचेही विचारतो. आम्ही फक्त एवढेच म्हणतो, औषध घ्या आणि धुरळ्याचे विचारा. एकामुळे दुसरे टळत नाही.

जगात हा विचार नवा नाही. अमेरिकेत १९५४ साली ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा एक आधार हाच होता की वेगळे ठेवल्याने मुलांच्या मनात कमीपणा रुजतो. म्हणजे न्यायालयाने मनाची जखम पाहिली आणि ती करणाऱ्या व्यवस्थेकडे बोट दाखवले. फ्रांझ फॅनन हा काळा मानसोपचारतज्ज्ञ अल्जीरियातल्या फ्रेंच रुग्णालयात काम करत होता. १९५६ साली त्याने राजीनामा दिला. ज्या राज्यात माणसाला त्याच्याच देशात परका केले जाते तिथे त्याच्या मनावर उपचार कसे करायचे, हा त्याच्या राजीनाम्याचा रोख होता. त्याच वर्षी इकडे बाबासाहेब दीक्षाभूमीवर उभे होते.

दुसरी हरकत: हे रडगाणे आहे, सतत दुसऱ्याला दोष देऊन माणूस पुढे जात नाही. आम्ही विचारतो, कर्ता ओळखणे म्हणजे रडणे कसे? रडणारा कर्ता शोधत नाही, नशिबाला बोल लावतो. कारण कळले तर उपाय कळतो, ही तर तथागतांची शिकवण. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते. कारणापाशी न थांबता उपायापर्यंत जायचे, पण कारणाला वळसा घालून उपाय सापडत नाही.

तिसरी हरकत आपल्याच माणसांची आहे आणि ती आम्हाला सगळ्यात जड वाटते. "बाबासाहेबांची लेकरे रडत नसतात. त्यांनी किती सोसले, तू एवढ्याशा गोष्टीने खचलास?" हे वाक्य आपल्या बैठकांत, आपल्या घरांत बोलले जाते. बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो. पण ऐकणारा पोरगा दुसऱ्या दिवसापासून बोलणे बंद करतो. आधी व्यवस्थेने दाबलेले, वरून आपल्या आदर्शाचे ओझे.

अशा कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचावे. परदेशात शिकून आलेला तो पदवीधर बडोद्यात नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिला, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक खोलीशी आले, बाहेर पडावे लागले. मित्रांनी घरात घ्यायला सबबी सांगितल्या. शेवटी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत तो सार्वजनिक बागेत बसून राहिला. त्या प्रसंगात आपण रडलो हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. लपवले नाही. त्याहून महत्त्वाचे, रडण्याबरोबर त्यांनी सगळे नोंदले. कोण आले, हातात काय होते, काय विचारले, कोणी कोणती सबब सांगितली. मन खचले हे सांगितले आणि कोणी खचवले हेही सांगितले. आपल्याला हेच शिकायचे आहे. बाबासाहेबांची लेकरे रडतात. पण ती रडून गप्प बसत नाहीत, नोंद करतात.

मग करायचे काय?

एक. कोणी "डिप्रेस झालो" म्हटले की थाप मारून विषय संपवू नका. तीन प्रश्न विचारा. कोणी? कशाने? कधीपासून? उत्तर अर्ध्या तासाने येईल किंवा तिसऱ्या भेटीत येईल. तोपर्यंत बसा. उपदेश करू नका, दाखले देऊ नका, ऐका.

दोन. उत्तरातून जो दाब निघेल त्याची नोंद करा. शिष्यवृत्ती अडली असेल तर अर्जाचा क्रमांक, तारीख, कोणत्या टप्प्यावर अडला हे लिहा, माहिती अधिकारात विचारा. स्वाधार योजनेचे पैसे थकले असतील तर एकट्याने चकरा मारू नका, ज्यांचे ज्यांचे थकले त्यांची यादी करून एकत्र निवेदन द्या. कॉलेजात किंवा वसतिगृहात जातीवरून बोलले गेले असेल तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. गुन्हा होत असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. सगळ्याच वेळी दाबणारा जात नसेल. कधी कर्ज असेल, कधी घरातला मारझोड करणारा बाप असेल, कधी प्रेमभंग असेल. जे असेल ते त्याच्या नावाने लिहा. सगळे जातीच्या खात्यावर टाकणे हीसुद्धा खोटी नोंदच.

तीन. उपचाराची लाज सोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा हक्क केला आहे आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येणार नाही असे कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते, फोनवर मराठीत बोलता येते. देऊळगाव राजाहून बुलढाणा लांब आणि जालना जवळ. त्यामुळे कुठल्या जिल्ह्याचे रुग्णालय, या वादात न पडता जिथे मानसोपचारतज्ज्ञ भेटेल तिथे पोराला घेऊन जा. एकट्याला पाठवू नका, सोबत जा. आणि कोणी जीव द्यायचे बोलत असेल तर ते नाटक समजू नका. त्या रात्री त्याला एकटे सोडू नका. चळवळीतला एक माणूस वाचवणे ही मोर्चाइतकीच मोठी कृती आहे.

चार. जयंतीच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढा. डीजेचा एक तास कमी झाला तर कोणाच्या तरी खोलीचे भाडे आणि डॉक्टरकडे जायचे एसटीचे तिकीट निघते. विहारात महिन्यातून एक संध्याकाळ फक्त ऐकण्यासाठी ठेवा. भाषण नाही, हार नाही, फोटो नाही. मुलींसाठी वेगळी बैठक ठेवा, कारण त्यांच्यावरचा दाब दुहेरी आहे आणि भावांसमोर त्या सगळे बोलणार नाहीत.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले. मुक्यांचा नायक. ज्यांना दाबून मुके केले त्यांना वाचा देणारा. डिप्रेसला उत्तर एक्स्प्रेस, हे शंभर वर्षांपूर्वीच आपल्याला दाखवून दिलेले आहे. आज प्रत्येकाच्या खिशात प्रेस आहे, पण त्यावर आपण बहुतेक वेळा दुसऱ्याचेच पुढे ढकलतो. आपले लिहा. काय झाले, कोणी केले, कधी केले.

विशेषण लावणे सोपे असते. 'मागास', 'निराश', 'कमजोर', 'डिप्रेस्ड'. यापुढे असे विशेषण कोणी आपल्या पोराला लावले, किंवा पोराने स्वतःला लावून घेतले, तर त्याला एकदा क्रियापदात फिरवून पाहा. हा खचला, की याला खचवले? हा मागे राहिला, की याला मागे ठेवले? ज्या दिवशी कर्त्याचे नाव वाक्यात येईल त्या दिवशी दाब हलायला लागेल.

जय भीम!